परांग ला: खिंडीच्या अलीकडेच उरकायचे निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचा नऊ जणांचा ग्रुप, वयं 24 ते 58. सगळे सह्याद्रीत मुरलेले. अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, कात्रज ते सिंहगड रात्रीतून, हे सगळं पायाखालचं. दोघं-तिघं हिमालयात एखादा ट्रेक करून आलेत. येत्या ऑगस्टमध्ये स्पितीतल्या किब्बरहून परांग ला ओलांडून लडाखमधल्या त्सो मोरीरीला चालत जायचंय. कुठल्या कंपनीबरोबर नाही, काझातून घोडेवाले आणि स्वयंपाकी घेऊन. तयारी काय, दिवस किती, आणि 58 वर्षांच्या काकांना न्यावं का?

जा, जरूर जा. वाट तांत्रिक नाही, दोर लावून चढायचं असं काही नाही, आणि ऑगस्ट महिना योग्य आहे. इकडे सह्याद्री धुक्यात बुडालेला असताना तिकडे पर्जन्यछायेत ऊन असतं. फक्त तुमच्या पत्रातली सगळी काळजी खिंडीच्या चढाईबद्दल आहे, ती मी जरा सरकवणार आहे. परांग ला साधारण 5,580 मीटर म्हणजे 18,300 फूट. तिथं धाप लागते, वेळ लागतो, पण बहुतेक लोक पोचतात. खरी अडचण खिंडीच्या पलीकडे आहे, आणि ती उंचीच्या आकड्यात दिसत नाही.

विरळ हवेचा गंभीर त्रास झाला, म्हणजे फुप्फुसात पाणी साठलं किंवा मेंदूला सूज आली, तर खात्रीचा उपाय एकच: माणसाला खाली नेणं. किब्बरच्या बाजूला हे शक्य आहे. किब्बर स्वतः सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, तिथून गाडीनं तासाभरात काझा, तिथं सरकारी रुग्णालय. खिंड ओलांडून परे छू नदीच्या खोऱ्यात उतरलात की ‘खाली’ ही दिशाच संपते. पुढचे चार दिवस तुम्ही पाच हजारांवरून हळूहळू साडेचार हजारांवर येता, आणि त्सो मोरीरीचं पाणीच सव्वापंचेचाळीसशे मीटरवर आहे. तलावाकाठच्या कोर्झोक गावाहून गाडी केली आणि सिंधूकाठच्या महेला आलात, तरी चार हजारांच्या वरच. मधे गाव नाही, रस्ता नाही, फोन नाही. त्यामुळे आजारपण, पाणी, घोडे, वेळ या सगळ्याबद्दलचे निर्णय खिंडीच्या अलीकडे, अजून मागे वळता येतंय तोवर, घेऊन टाकायचे. बाकीचं सगळं उत्तर याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

सह्याद्रीनं आपल्याला दम, तोल आणि घसाऱ्यावर पाय टाकायची अक्कल दिली आहे. त्याबरोबर एक सवयही लावली आहे. कुठल्याही गडावर कुणाचा पाय मुरगळला तरी तीन-चार तासांत खालचं गाव येतं, कुणाच्या तरी ओसरीवर टेकता येतं, चहा मिळतो, वडाप मिळतं. म्हणून आपण ‘बघू, चालेल’ म्हणत पुढे जातो, आणि तिथं ते खरंच चालतं. हे ‘बघू’ परे छूच्या काठी महाग पडतं.

आता किब्बरला कसं पोचायचं ते. मनालीहून कुंझुम ला ओलांडून एका दिवसात काझा गाठता येतं, म्हणून तुमच्यातले काही जण तोच मार्ग सुचवतील. ऐकू नका. दोन हजार मीटरवर झोपलेला माणूस साडेचार हजारांची खिंड ओलांडून दुसऱ्या रात्री साडेतीन हजारांच्या वर झोपतो, आणि डोकं धरून बसतो. शिमल्याहून किन्नौरमार्गे या. शिमला साधारण 2,200, मग सांगला किंवा कल्पा 2,700 ते 2,900, मग ताबो 3,300 च्या आसपास, मग काझा, मग किब्बर. रोजच्या झोपण्याच्या उंचीची ही शिडी निसर्गानंच बांधून दिली आहे. सर्वमान्य नियम असा की तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक दिवस त्याच जागी काढावा. काझाला दोन रात्री, किब्बरला दोन रात्री धरा. या मुक्कामात लोळत पडू नका. किब्बरहून चिचमच्या पुलापर्यंत जा, वरच्या कुरणांपर्यंत चढा, संध्याकाळी खाली या. ताबोचा मठ 996 सालचा आहे, त्याला अर्धा दिवस द्या, तोही विरळ हवेशी जुळवून घेण्यातच जमा होतो.

हाच ट्रेक उलटा, म्हणजे लेहला विमानानं उतरून कोर्झोकहून सुरू करावा, असंही सुचवलं जातं. विमानानं साडेतीन हजारांवर, मग गाडीनं साडेचार हजारांवर, आणि चालायला लागल्यापासून खिंडीपर्यंत एकही रात्र त्याखाली नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपनं हा हट्ट धरू नये.

चालण्याचे दिवस नऊ धरा आणि एक मोकळा ठेवा. सात दिवसांचे कार्यक्रम सर्रास विकले जातात, पण तुम्हाला कुणी हाकत नाहीये. ढोबळ मुक्काम असे: दुमला, थलटक, मग परिलुंगबीच्या दरीत एक रात्र, खिंडीखालचं बोंगरोजेन, खिंड ओलांडून खारसा गोंगमा, दातांग योंगमा, नोर्बू सुमदो, तलावाच्या दक्षिण टोकाचं क्यांगदोम आणि शेवटी कोर्झोक. नावांचे उच्चार प्रत्येक घोडेवाल्याच्या तोंडी वेगळे ऐकू येतील. पहिले दोन दिवस मुद्दाम छोटे आहेत. तुमच्या तरण्या मंडळींना दुपारी बारालाच दुमलाला पोचून कंटाळा येईल आणि ‘आजच पुढे जाऊ’ अशी टूम निघेल. नाही म्हणायचं.

थलटक हा मुक्काम मी या ट्रेकमधला सगळ्यात महत्त्वाचा मानतो. कारण नकाशात आहे. थलटकनंतर वाट तीव्र उतारानं परिलुंगबीच्या दरीत कोसळते आणि मग दरीच्या तळातून परत वर बोंगरोजेनकडे चढते. म्हणजे बोंगरोजेनला आजारी पडलेल्या माणसाला मागे न्यायचं तर आधी दरीत उतरवायचं आणि मग तोच मोडका घसारा चढवायचा. दरीचा तळ उंचीनं कमी असल्यानं तिथं तात्पुरता आराम पडतो, पण तिथून सुटका चढूनच आहे. थलटकहून मात्र किब्बर एका दिवसाच्या आत, बहुतेक उताराचं. कोण पुढे जाणार आणि कोण परतणार याचा निवाडा थलटकलाच करा. बोंगरोजेनला दुसरी तपासणी ठेवा, पण ती अपवादासाठी.

तपासणी म्हणजे काय? प्रत्येकजण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन येतो आणि रात्री आकड्यांची स्पर्धा लागते. गार बोटांवर ते यंत्र काहीही दाखवतं. मी जेवणाच्या वेळी ताटं बघतो. दोन दिवसांपूर्वी तिसऱ्यांदा भात मागणारा गडी आज चार घास चिवडून ताट बाजूला ठेवतोय, ही मोठी खूण आहे. डोकेदुखी आणि त्याबरोबर मळमळ, भूक मेलेली, झोप नाही, अंगात त्राण नाही, यातलं एक-दोन असेल तर उंचीचा त्रास सुरू झालाय असंच समजायचं, ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. मग तंबूचा दोर जमिनीवर सरळ पसरायचा आणि त्याला त्यावरून मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच भिडवत दहा पावलं चालायला लावायचं. तोल जात असेल तर चर्चा संपली. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला ओला वाटत असेल, तरीही चर्चा संपली. नेहमीचा वात्रट माणूस अचानक गप्प झाला किंवा क्षुल्लक गोष्टीवरून चिडायला लागला, तर त्याच्याकडे एकदा नीट बघा. रात्री झोपेत श्वास थांबून थांबून चालल्यासारखा वाटणं मात्र या उंचीवर नेहमीचंच आहे. शेजाऱ्याच्या त्या श्वासाला घाबरून सगळ्या तंबूला उठवू नका.

नियम तीन, आणि ते पुण्यात बसून सगळ्यांसमोर मान्य करून घ्यायचे. लक्षणं असताना वर जायचं नाही. वाढत असतील तर रात्र असली तरी खाली. आणि लक्षणं लपवायची नाहीत. तिसरा नियम पाळला जात नाही, कारण लपवणाऱ्याला वाटतं की आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल. त्यावर उपाय एकच: एखादा परतला तरी ट्रेक बुडणार नाही अशी व्यवस्था आधीच करायची. कुणीही एकटा परतणार नाही. आजारी माणसाबरोबर ग्रुपमधला एकजण आणि एक घोडेवाला जाईल, आणि तो साथ देणारा कोण हे निघायच्या आधी ठरलेलं असेल. परतीचा जादा खर्च सगळ्यांत वाटला जाईल. पैशाचं हे आधी बोलून ठेवलं की माणसं खरं सांगतात. निर्णय एकाचा असावा. मतदानानं असले प्रश्न सोडवायला गेलात तर घोषणा देणारे नेहमी जिंकतात.

विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात. त्यानं लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. मेंदूच्या सुजेवरचं डेक्सामेथासोन आणि फुप्फुसातल्या पाण्यावरचं निफेडिपिन पेटीत असावीत, ती कधी आणि किती द्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. पण ही औषधं गाडीतल्या स्टेपनीसारखी: पुढच्या गॅरेजपर्यंत पोचवतात, तेवढंच. ती देऊन माणसाला खिंड ओलांडायला लावणं हा गुन्हा आहे.

आता घोडे. किब्बरच्या लोकांना ही वाट ट्रेकर्सच्या किती तरी आधीपासून ठाऊक आहे. स्पितीचे घोडे परांग ला ओलांडून लडाखात न्यायचे आणि बदल्यात याक आणायचे, असा हा जुना व्यापारी रस्ता. म्हणून घोडेवाला किब्बर-चिचमकडचा, या खिंडीवरून गेलेला हवा. स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्या खोऱ्यातला नको. त्याचे दिवस मोजताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: घोड्यांना परत त्याच वाटेनं घरी जायचं असतं. तेव्हा परतीच्या दिवसांचेही पैसे लागतात. ते आधी ठरवा, म्हणजे तलावाकाठी कटकट होणार नाही.

किती घोडे, याचा हिशोब कागदावर करून दाखवतो. तुम्ही नऊ, दोन घोडेवाले, स्वयंपाकी आणि वाटाड्या, असे तेरा. माणशी रोज सातशे ग्रॅम कोरडा शिधा आणि दहा दिवस, म्हणजे नव्वद किलो. रॉकेल आणि स्टोव्ह वीस, तंबू पंचेचाळीस, स्वयंपाकाची भांडी तीस, तुमच्या नऊ बॅगा प्रत्येकी बारा किलोच्या धरल्या तर एकशे आठ. बेरीज तीनशेच्या जवळ. एका घोड्यावर पंचेचाळीस किलो धरले तर सात घोडे. आठवा मोकळा. हा आठवा घोडा पैसे वाचवायला पहिल्यांदा कापला जातो आणि नेमका तोच नदी ओलांडताना किंवा पाय मुरगळलेल्या माणसाला नेताना लागतो. बोंगरोजेनला गवत जवळजवळ नसतं, त्यामुळे दोन रात्रींचं दाणापाणी घोड्यांसाठीही न्यावं लागतं. घोडेवाला ते त्याच्या हिशोबात धरतो की नाही, विचारून घ्या.

वाटेत सरपण नाही. झाडच नाही तर लाकूड कुठलं! पाच हजार मीटरवर पाणी साधारण 83 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत ठेवली तरी टणक राहते आणि रॉकेल मात्र संपतं. दोन मोठे प्रेशर कुकर आणि त्यांचे जादा गॅस्केट, शिट्ट्या न्या. मसूर आणि मूगडाळ आणा, राजमा-छोले घरी ठेवा. विरळ हवेत जिभेला तेल-मसाला नकोसा होतो, आणि तेव्हा आपलं मेतकूट-भात-तूप, आमसुलाचं सार, लिंबाचं लोणचं, थालीपिठाची भाजणी हे सगळं पास्ता-नूडल्सच्या वर चढतं. खिशात खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की असू द्या. चिक्की थंडीनं दगड होते, रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा. फॅन्सी प्रोटीन बार फार आणू नका, चौथ्या दिवशी ते कुणी खात नाही.

खिंडीच्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच निघायचं. कारण फक्त हवामान नाही. माथ्याच्या उत्तरेला हिमनदी आहे. उतार सौम्य आहे, पण ऊन वर आलं की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि घोडे अडकतात. भेगा असतात, म्हणून फोटोसाठी कुणी वाट सोडून बाजूला जायचं नाही. घोड्यांच्या खुरांमागोमाग, एका ओळीत. सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या मागे दुसरा. तो सगळ्यात शेवटी असला की सगळे त्याची वाट बघत थांबतात, तो पोचला की सगळे उठतात, आणि विश्रांती त्याला सोडून सगळ्यांना मिळते. काळे चष्मे नऊच्या नऊ जणांना, आणि दोन जादा, कारण कुणाचा तरी नक्की तुटतो. ढगाळ दिवशीही बर्फावर डोळे भाजतात. माथ्यावर पताका आहेत, फोटो काढा, पाऊण तासात खाली सुटा.

आणि मग परे छू. ही नदी परांग लाच्या हिमनदीतून निघते, लडाखात शिरते, नोर्बू सुमदोजवळ वळून तिबेटमध्ये जाते आणि सुमदोजवळ (हे सुमदो वेगळं) पुन्हा हिमाचलात येऊन स्पिती नदीला मिळते. 2004 साली तिबेटमध्ये दरड कोसळून हिच्या पात्रात तलाव साचला आणि जून 2005 मध्ये तो फुटून सतलजेला मोठा पूर आला, तीच ही परे छू. तुम्हाला ती तिच्या बालपणी भेटते, पण बालपणही दांडगं आहे. खिंडीनंतरचे तीन दिवस तिच्या पसरट, दगडगोट्यांच्या पात्रातूनच चालायचं असतं आणि ती पुन्हापुन्हा ओलांडावी लागते. शेवटची मोठी ओलांड नोर्बू सुमदोच्या अलीकडे.

बर्फ उन्हानं वितळतो, म्हणून पाणी दुपारपासून चढतं आणि पहाटे उतरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली मेख अशी की हिमनदीपासून जितकं लांब जाल तितका हा फुगवटा उशिरा पोचतो. वरच्या मुक्कामी सकाळी सहाला पाणी तळाला गेलेलं असतं, तर खालच्या अंगाला त्याच वेळी कालचा फुगवटा ओसरतच असतो. घड्याळावर विसंबू नका. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवायचा, झोपण्यापूर्वी बघायचा, पहाटे उठल्यावर बघायचा. दगड पाण्यात गेलाय की कोरडा पडलाय, त्यावर त्या ठिकाणची वेळ कळते. आमचे घोडेवाले आणखी एक करतात. काठावर उभे राहून नुसतं ऐकतात. पाण्याखाली धोंडे गडगडत असतील तर एक जाडसर, दबका आवाज येतो. तो आवाज असेपर्यंत घोडे पाण्यात घालत नाहीत, मग तुम्ही कितीही घाई करा.

ओलांडायची जागा म्हणजे अरुंद जागा नव्हे. आपली नजर नेमकी तिकडेच जाते, कारण पलीकडचा काठ जवळ दिसतो. पात्र जिथं पसरून चार-पाच धारांत फुटलंय तिथं जा. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर चालत, मांडीला लागत असेल आणि वेग असेल तर घोड्यावरून किंवा वाट बघायची. अनवाणी कधीच नाही, दगड लागतात आणि थंडीनं तळपाय बधिर झाल्यावर काही कळत नाही. पट्ट्याच्या सँडल मोज्यांवर चढवा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला हवा, पडलात तर ती टाकून देता आली पाहिजे. कमरेला दोर बांधून तर मुळीच जायचं नाही, वाहणारा माणूस दोरामुळे पाण्याखाली दाबला जातो. तिघा-तिघांनी खांद्याला खांदा धरून, धिप्पाड माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला, नजर वाहत्या पाण्यावर नाही तर पलीकडच्या काठावर. ओलांडून झालं की पाय पुसा, कोरडे मोजे घाला, काहीतरी गोड खा, मग विनोद करा. मोकळा दिवस इथंच खर्ची पडतो. पाणी चढलेलं असेल तर एक रात्र अलीकडे काढायची. त्या एका दिवसासाठी विमानाची तिकिटं परतीच्या दुसऱ्याच दिवशीची काढू नका.

कोरडेपणाबद्दल थोडं. आपल्याला घाम दिसला की पाणी आठवतं. इथं घाम दिसतच नाही, हवेतच उडून जातो, आणि थंडीमुळे तहानही लागत नाही. दिवसाला तीन ते चार लिटर ठरवून प्या, त्यात एक ओआरएसची पुडी. नदीचं पाणी राखाडी, गाळाचं असतं. फिल्टर तासाभरात चोंदतो. रात्रभर मोठ्या भांड्यात निवळू द्या, वरचं ओतून उकळा. त्सो मोरीरीचं पाणी निळंशार दिसतं आणि मचूळ आहे. क्यांगदोम ते कोर्झोक हा काठाकाठानं जाणारा लांबलचक दिवस, वीस किलोमीटरच्या वर, म्हणून क्यांगदोमलाच सगळ्या बाटल्या भरा. डोळ्यांसमोर दिवसभर पाणी आणि प्यायला काही नाही, असा तो विचित्र दिवस असतो.

नाकातून रक्ताची रेघ येणं, ओठ फुटणं, कोरडा खोकला हे होणारच. नाकाच्या आत व्हॅसलिन, तोंडावर मफलर किंवा बफ. दुपारनंतर खोऱ्यात वारा असा सुटतो की जेवणात वाळू येते, त्यामुळे तंबू दोनच्या आत उभे झालेले बरे. साधी काळी छत्री न्या. लोक हसतील आणि तिसऱ्या दिवशी उसनी मागतील. बूट मात्र निघण्याच्या महिनाभर आधी बाहेर काढून रोज घाला. कपाटात चार-पाच वर्षं पडलेल्या बुटांचे तळवे वरून धडधाकट दिसतात आणि कोरड्या, दगडी वाटेवर दुसऱ्या दिवशी सुटून येतात. जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि चिकटपट्टी ग्रुपमध्ये एक संच असावाच. झोपायची पिशवी उणे दहा अंशांची हवी, ऑगस्टातही बोंगरोजेनला पाण्याची बाटली गोठते.

नोर्बू सुमदोनंतर मोठं मैदान लागतं आणि तिथून पुढचं जग वेगळंच आहे. क्यांग म्हणजे जंगली गाढवांचे कळप उधळतात, तलावाकाठी पट्टकादंब हंस असतात, नशीब असेल तर काळ्या मानेचा क्रौंच दिसतो. चांगपा मेंढपाळांचे काळे तंबू आणि पश्मिन्याच्या शेळ्या इथं उन्हाळ्यात असतात. तंबूजवळ थेट जाऊ नका, कुत्री मोठी असतात. लांबून हाक द्या, कुणी बाहेर आलं की मग. पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटत सुटू नका. त्सो मोरीरी 2002 पासून रामसर स्थळ आहे, काठाशी तंबू लावू नका, साबण पाण्याजवळ नेऊ नका. या कोरड्या थंडीत काही कुजत नाही. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, बिस्किटांचे कागद, सगळं वेगळ्या बंद पिशवीत कोर्झोकपर्यंत आणि पुढे लेहपर्यंत न्यायचं. खड्डा पाण्यापासून दूर, आणि खोल.

एक कायद्याची गोष्ट. तुमच्यातल्या कुणाचा तरी भाऊ अमेरिकेत असेल आणि तो ‘माझा सॅटेलाइट कम्युनिकेटर घेऊन जा’ म्हणेल. नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशाचं उपकरण बाळगणं बेकायदा आहे, आणि तुम्ही सीमेजवळून चालताय. ड्रोनही घरीच. ओळखपत्रांच्या दोन-दोन प्रती ठेवा, लडाखात शिरण्यासाठी त्या वेळी जो परवाना किंवा शुल्क लागू असेल त्याची काझाला असतानाच चौकशी करा. काझा सोडताना नावांची यादी, वाट आणि कोर्झोकला पोचायची तारीख तिथल्या पोलिसांकडे आणि तुमच्या मुक्कामाच्या मालकाकडे द्या. घरच्यांना सांगा की किब्बरनंतर फोन लागणार नाही. नाहीतर चौथ्या दिवशी इकडे पुण्यात आकांत सुरू होतो.

काकांचं काय? न्या, जर डॉक्टर हो म्हणाले तर. विरळ हवेचा त्रास वय बघून होत नाही, उलट तरणी पोरं पहिल्या दिवशी पळतात आणि तिसऱ्या दिवशी ओकतात. काकांची हृदयाची ताण-चाचणी, रक्तदाब, साखर बघून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डायमॉक्सबरोबर चालतील का ते विचारा, आणि त्यांना चालीचा वेग ठरवायला पुढे ठेवा. तयारीसाठी सिंहगड पळत चढून वेळ लावू नका. दहा किलो पाठीवर घेऊन सलग दोन दिवस, शनिवार-रविवार, सहा-सात तास चाला आणि सोमवारी सकाळी पाय कसे आहेत ते बघा. मला शंका आहे ती तुमच्यातल्या त्या 24 वर्षांच्या दोघांबद्दल, ज्यांच्याबद्दल तुम्ही ‘ते तर सुपरफिट आहेत’ एवढंच लिहिलंय.

शेवटचं काम कोर्झोकच्या गाडीचं. लेहपर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि आयत्या वेळी तिथं गाडी मिळेल असं धरू नका. लेहच्या गाडीवाल्याला तुमच्या ठरल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ द्या, म्हणजे मोकळा दिवस खर्च झाला तरी गाठ पडेल. तुम्ही आला नाहीत तर त्यानं एक रात्र थांबायचं, आणि तरीही पत्ता नसेल तर कोर्झोकमध्ये पोलिसांना किंवा जवानांना कळवायचं, हे त्याला फोनवर नाही तर लिहून द्या. घोडेवाल्याच्या आणि वाटाड्याच्या घरचे नंबरही त्याच कागदावर. पैसे अर्धे आधी, अर्धे लेहला उतरल्यावर.